‘सॉलिड’ घ्यायचंय? आधी स्क्रू काढा!

रविवारची सकाळ. कांदेपोहे प्लेटमध्ये पडले होते, वर खोबरं-कोथिंबीर पडायची बाकी होती आणि तेवढ्यात मोबाइल वाजला. स्क्रीनवर मावसबहिणीचं नाव. म्हटलं, झालं! हिचा रविवारी सकाळी फोन म्हणजे काहीतरी बिघडलंय.

“दादा, लॅपटॉप गेला रे माझा!”

“गेला म्हणजे? पडला? पाणी सांडलं?”

“नाही रे. चालू होतो. पण चालत नाही!”

प्रॉब्लेम एका वाक्यात सांगायची ही हातोटी मला जाम आवडली. पुढचं तिने एका दमात सांगितलं. सकाळी बटण दाबायचं, आंघोळ उरकून यायचं, चहा प्यायचा, तरी स्क्रीनवरचं ते गोल गोल चक्र फिरतंच. एक्सेल उघडायला सांगितलं की आतून कुर्र कुर्र आवाज. साडेनऊच्या ऑनलाइन मीटिंगला मॅडम पावणेदहाला हजर, तेही घरातच बसून! कंपनी छोटी, म्हणून ‘आपापला लॅपटॉप आणा’ असा कारभार. त्यात प्रोबेशनचा शेवटचा दीड महिना. बॉसने दोनदा हसून घेतलं, तिसऱ्यांदा हसला नाही.

तिने दोन उपायही शोधून ठेवले होते. एक, साठ हजारांचा नवा लॅपटॉप, बारा महिन्यांच्या हप्त्यावर. पगारातून पीजीचं भाडं गेलं की उरतं किती, ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि दुसरा, कुणीतरी फॉरवर्ड केलेली ऑफर. २ टीबीची एसएसडी, फक्त १,१९९ रुपये! आज रात्री बारापर्यंतच!!

“यातलं काय करू? पाच मिनिटांत सांग.”

पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतंच. म्हटलं, दुपारी लॅपटॉप घेऊन घरी ये. आणि रात्री बारापर्यंत कुठलंही बटण दाबू नकोस.

ये कुर्र कुर्र क्या है?

लॅपटॉप २०१९ चा. कॉलेजात असताना मावशीने घेऊन दिलेला. प्रोसेसर आठव्या पिढीचा आय फाइव्ह, रॅम ८ जीबी. म्हणजे डोकं शाबूत! मग घोडं अडलं कुठे? तर १ टीबीच्या हार्ड डिस्कवर.

हार्ड डिस्क म्हणजे आत खरोखरची फिरणारी तबकडी. साध्या लॅपटॉपमध्ये ती मिनिटाला ५,४०० वेळा फिरते आणि एक बारीकसा दांडा त्या तबकडीवर इकडून तिकडे पळत माहिती वाचतो. हे तंत्र १९५६ चं, आयबीएमच्या रॅमॅक नावाच्या कपाटाएवढ्या यंत्रातून आलेलं. सत्तर वर्षांत ते भयंकर सुधारलं, पण ती पळापळ काही सुटली नाही. एकेक तुकडा शोधायला दांड्याला साधारण १५ मिलिसेकंद लागतात. ऐकायला किरकोळ, पण विंडोज सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात.

सरकारी कचेरीतला एकुलता एक शिपाई डोळ्यांसमोर आणा. साहेब हुशार आहेत, टेबल मोठं आहे, पण प्रत्येक कागदासाठी शिपाई मागच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन परत येणार. साहेबांचा पगार दुप्पट केलात तरी काम हलणार नाही. शिपाई बदला!

हा नवा शिपाई म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, आपली एसएसडी. हिच्या आत फिरणारं, हलणारं, वाजणारं काहीच नाही. नुसत्या चिप्स. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये जी नँड फ्लॅश मेमरी मांडली, तीच यात असते. तुमच्या मोबाइलमध्ये आणि पेन ड्राइव्हमध्येही तीच. कुठलाही तुकडा शोधायला हिला एक दशांश मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी पुरतो. दीडशेपट फरक!

एकेकाळी ही चैन होती, बरं का. २००८ मध्ये पाकिटातून बाहेर काढलेला तो पहिला मॅकबुक एअर आठवतोय? त्यात फक्त ६४ जीबीची एसएसडी हवी असेल तर ९९९ डॉलर जादा मोजावे लागत होते. आज तेवढ्या जीबीची एसएसडी दुकानात मागितलीत तर दुकानदार तुमच्याकडे कीव येऊन बघेल.

पहिली उडी मोठी, दुसरी छोटी

आता या कॉलमचा मेन फंडा. बाकीचं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

बाजारात गेलात की खोक्यावर मोठ्ठे आकडे दिसतात. जुनी लॅपटॉपवाली हार्ड डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वाचते. साटा प्रकारची एसएसडी साधारण ५५०. एनव्हीएमई प्रकारची जेन थ्री एसएसडी ३,५०० पर्यंत. जेन फोर ७,००० च्या पुढे. आणि जेन फाइव्ह तर १४,००० पर्यंत! हे वाचून कुणालाही वाटणार, की जेन फाइव्ह घेतली की एक्सेल मी मनात म्हणायच्या आत उघडणार.

तसं होत नाही, मंडळी. हे आकडे एकच मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत. आपलं दिवसभराचं काम म्हणजे बारीक बारीक फाइल्सचा चिवडा. ईमेल, ब्राउझर, चाळीस टॅब्ज, प्रेझेंटेशन. तिथे हार्ड डिस्ककडून कुठल्याही प्रामाणिक एसएसडीकडे गेलात की दोन मिनिटांचं सुरू होणं पंधरा-वीस सेकंदांवर येतं. डोळ्यांत पाणी येईल असा फरक! पण साटाकडून एनव्हीएमईकडे, किंवा जेन थ्रीकडून जेन फोरकडे गेलात तर वाचतात फार तर दोन-चार सेकंद. कारण तोवर शिपाई नाही, साहेबच कमी पडायला लागलेले असतात.

पहिली उडी एसटीतून उतरून विमानात बसण्याची. दुसरी उडी विमानातली पुढची सीट मिळण्याची. दार उघडल्यावर तुम्ही आधी बाहेर पडाल हे खरं, पण विमान सगळ्यांसाठी एकाच वेळी उतरतं!

अपवाद आहेतच. तुम्ही फोर-केमध्ये व्हिडिओ एडिट करता, शंभर-शंभर जीबीच्या फाइल्स रोज एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवता, तर तो वेग तुमची संध्याकाळ वाचवेल. खुशाल घ्या. बाकीच्यांनी तेच पैसे जागेत घालावेत. म्हणजे ५०० जीबीची सुपरफास्ट आणि १ टीबीची साधी यांत किमतीचा फार फरक नसेल, तर डोळे मिटून १ टीबीची साधी.

आधी स्क्रू काढा!

दुपारी बहीण आली. लॅपटॉप बंद, चार्जर बाहेर, टेबलावर जुना टॉवेल. छोट्या स्टार स्क्रूड्रायव्हरने मागचे दहा स्क्रू काढले, प्लॅस्टिकच्या खिट्ट्या जुन्या एटीएम कार्डाने हळूच सोडवल्या. आणि आत काय दिसलं? हार्ड डिस्कच्या शेजारी एक रिकामी खाच. एम डॉट टू स्लॉट. गेली सहा-सात वर्षं तो तिथे वाट बघत बसला होता! त्या काळात बऱ्याच कंपन्या लॅपटॉपला स्वस्तातली मोठी हार्ड डिस्क देत आणि ही खाच मोकळी सोडत.

म्हणून म्हणतो, कुठली एसएसडी ‘बेस्ट’ हा प्रश्न नंतरचा. आधी, आपल्या मशीनमध्ये मावतं काय? चार शक्यता असतात.

एक, नुसती अडीच इंची हार्ड डिस्कची जागा आहे. तर तुम्हाला साटा एसएसडीच लागणार. आकार तोच, कनेक्टर तोच. जुनी काढा, नवी बसवा. वाईट वाटून घेऊ नका, पहिली मोठी उडी तुमची होणारच आहे.

दोन, एम डॉट टू स्लॉट आहे, पण तो साटावाला आहे. इथे बऱ्याच जणांचा पोपट होतो! एम डॉट टू हे नुसतं आकाराचं नाव आहे, वेगाचं नव्हे. च्युइंगगमच्या पट्टीएवढा तुकडा, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुतेकदा ८० मिलिमीटर लांब, म्हणून त्याच्यावर २२८० असं लिहिलेलं. या एकाच आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही. साटावाल्या पट्टीला सहसा दोन खाचा असतात, एनव्हीएमईवालीला एक. दोन्ही चालवणारे स्लॉटही असतात, पण तसं गृहीत धरू नका.

तीन, स्लॉट एनव्हीएमईचा आहे. मग तो जेन थ्री की जेन फोर, आणि लांबी किती चालते तेवढं बघा. काही छोट्या मशीन्समध्ये ८० नाही, ४२ किंवा ३० मिलिमीटरचीच पट्टी बसते.

चार, चिप्स थेट बोर्डवर चिकटवलेल्या आहेत. अलीकडच्या मॅकबुक एअरमध्ये आणि अनेक अगदी सडपातळ लॅपटॉप्समध्ये असंच असतं. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा आणि बाहेरून लावायची यूएसबी एसएसडी घ्या.

हे सगळं लॅपटॉप न उघडताही कळू शकतं. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या साइटवरून त्याचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर? हात खिशात! ते काम आयटीवाल्यांचं.

आणखी एक. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या बहिणीच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरला विंडोज ११ चालतं, म्हणून तिच्या लॅपटॉपवर पैसे घालण्यात अर्थ होता. त्याहून जुनं इंटेल मशीन असेल तर एसएसडीने ते पळेल, पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सहसा बसणार नाही. मग लिनक्स टाकायची तयारी आहे का, की थोडं थांबून नवीनच घ्यावं, हा विचार आधी करा.

शनिवार, लॅमिंग्टन रोड

आमच्या मॅन्युअलने सांगितलं, स्लॉट एनव्हीएमई, जेन थ्री, लांबी ८०. ही चिठ्ठी खिशात घालून पुढच्या शनिवारी ग्रँट रोडला उतरलो.

“साहेब, ही घ्या. जेन फोर. सात हजारांचा स्पीड!”

“आमचा स्लॉट जेन थ्री आहे हो.”

“चालतंय की! मागच्या स्लॉटला पण चालतं.”

चालतं, तो खोटं बोलत नव्हता. फक्त स्लॉटच्या वेगाने चालतं. सात हजारवाली आमच्याकडे साडेतीन हजारच्या वर जाणार नाही. किंमत सारखीच असेल तर घ्या, पुढच्या मशीनमध्ये कामाला येईल. पण त्या आकड्यासाठी जादा पैसे? नो वे.

मग तो म्हणाला, “तुमचं बजेट सांगा.” मी म्हटलं, आधी आत काय आहे ते सांगा. टीएलसी की क्यूएलसी?

ही भानगड सोपी आहे. एसएसडीतल्या प्रत्येक बारीक कप्प्यात वीज साठवून माहिती लिहिली जाते. टीएलसीच्या एका कप्प्यात तीन बिट्स बसतात, क्यूएलसीच्या चार. चार बिट्स म्हणजे एकाच बाटलीत पाण्याच्या सोळा वेगवेगळ्या पातळ्या अचूक ओळखणं. टीएलसीत आठच. साहजिकच क्यूएलसी स्वस्त, पण लिहायला हळू आणि झिजायला लवकर. हे झाकायला कंपन्या ड्राइव्हचा थोडा भाग फास्ट पार्किंगसारखा वापरतात. तो भरेपर्यंत सगळं झक्कास, भरला की ट्रॅफिक जॅम! सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओचं उदाहरण घ्या. तिच्या १ टीबीच्या मॉडेलचा हा फास्ट भाग ४२ जीबीचा आहे आणि तो भरल्यावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबीवर येतो, असं कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे. म्हणजे जवळपास हार्ड डिस्कच! आता, एका दमात ४२ जीबी आपण लिहितो कधी? क्वचितच. म्हणून क्यूएलसी टाकाऊ नाही. गाणी, सिनेमे, फोटो ठेवायला छान आहे. पण विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे, तिथे किमतीत थोडाच फरक असेल तर टीएलसी घ्यावी.

दुसरा शब्द ऐकाल तो डीरॅम कॅश. कुठली माहिती कुठल्या कप्प्यात आहे, याचा नकाशा ठेवायची ही जागा. स्वस्त ड्राइव्हमध्ये ती नसते. एनव्हीएमई असेल तर फार टेन्शन घेऊ नका, बहुतेक नव्या ड्राइव्ह्ज लॅपटॉपच्याच रॅममधली थोडी जागा उसनी घेतात. साटामध्ये ही उसनवारीची सोय नाही, म्हणून तिथे डीरॅमवाली मिळाली तर चांगलं.

आणि तिसरा, टीबीडब्ल्यू. म्हणजे ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहून होईपर्यंत कंपनी वॉरंटी देते. लोक याला उगाच घाबरतात. चला, हिशेब करू. चांगल्या १ टीबी टीएलसी ड्राइव्हला ६०० टीबीडब्ल्यू हा नेहमीचा आकडा. तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत, सुट्टीसुद्धा न घेता, तर वर्षाला ७.३ टीबी. सहाशे भागिले सात पूर्णांक तीन... ब्याऐंशी वर्षं! तोवर आपण रिटायर होऊन, नातवंडांना ‘आमच्या काळी’ सांगून मोकळे झालेले असू. त्यापेक्षा वॉरंटी तीन वर्षांची की पाच, ते बघा. पाचवाली घ्या.

जागा किती घ्यायची? २५६ जीबी आता फार लवकर भरते. ५०० कामचलाऊ, १ टीबी निवांत. आणि ५०० ची विंडोजमध्ये ४६५ दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या हिशेबाने जीबी मोजते, विंडोज १,०२४ च्या. १ टीबीची ९३१ दिसणार, सगळ्यांचीच!

भावाचं काय? २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप्सचे भाव चढायला लागले, कारण एआयच्या डेटा सेंटर्सना त्याच चिप्स हव्या आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं (विकलेल्या मालाची वॉरंटी चालू राहील, असंही सांगितलं). त्यामुळे ‘दिवाळीत सेल लागेल, तेव्हा बघू’ हा जुना हिशेब आता खात्रीचा नाही. गरज असेल तर दोन-तीन दुकानं, दोन साइट्स बघा आणि घेऊन टाका. उगाच साठवू मात्र नका.

आम्ही काय घेतलं? ५०० जीबी, टीएलसी, जेन थ्रीला पुरेल अशी, पाच वर्षं वॉरंटी, जीएसटीच्या बिलासकट. निघताना मी एक आठवणीने मागून घेतला. एम डॉट टूचा तो टिचभर स्क्रू! लॅपटॉपमधला बऱ्याचदा हरवलेला असतो आणि त्याच्याशिवाय पट्टी तिरकी उभी राहते. दुकानदाराने डबीतून काढून दिला. फुकट!

ती १,१९९ वाली

“पण दादा, ती २ टीबी केवढी स्वस्त होती!”

होती ना. म्हणूनच घ्यायची नव्हती. नामांकित कंपनीची २ टीबी ज्या भावाला मिळते, त्याच्या दहाव्या हिश्शातही न बसणाऱ्या किमतीत कुणी चिप्स वाटत नसतं. असल्या डबीत अनेकदा निघतं एक छोटंसं मेमरी कार्ड आणि कॉम्प्युटरला ‘मी २ टीबी आहे’ असं खोटं सांगणारं सॉफ्टवेअर. पहिले काही जीबी नीट जातात. पुढचं जातंय असं नुसतं दिसतं. फाइल्सची नावं असतात, आत काही नसतं. तुम्हाला कळतं कधी? सहा महिन्यांनी, फोटो उघडायला गेल्यावर.

आधीच कुणी गळ्यात मारली असेल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते अख्खा ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. खोटेपणा लगेच उघडा पडतो.

आजीची वॉरंटी

आता थोडं मनातलं. मी एवढं ज्ञान पाजळतोय खरा, पण माझाही एकदा असा लोच्या झालाय की अजून आठवलं की पोटात कालवतं.

२०२० मध्ये सगळे घरात अडकलो होतो, तेव्हा मी आजीला बोलतं केलं होतं. मोबाइल तिच्यासमोर ठेवायचा आणि विचारायचं. पुरणाला डाळ किती शिजवायची इथपासून तिच्या लग्नात वऱ्हाड बैलगाडीतून कसं आलं इथपर्यंत. सतरा-अठरा रेकॉर्डिंग्ज झाली. मोबाइल बदलताना ती सगळी लॅपटॉपवर घेतली. एसएसडी चांगल्या कंपनीची होती, दोनच वर्षं जुनी. २०२२ च्या पावसाळ्यात आजी गेली. त्यानंतर महिन्याभरात एका संध्याकाळी लॅपटॉप सुरू केला तर त्याला ड्राइव्हच सापडेना. आवाज नाही, वास नाही, सूचना नाही.

हार्ड डिस्क मरताना निदान कण्हते तरी. एसएसडी अनेकदा गुपचूप जाते. डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे गेलो. त्यांनी चार दिवस ठेवून घेतली आणि मान हलवली. कंपनीने मात्र एक प्रश्न न विचारता नवी कोरी ड्राइव्ह पाठवली. कोरी! वॉरंटी ड्राइव्हची असते, आतल्या आजीची नसते.

चूक कंपनीची नव्हती. दहा मिनिटांचं काम मी ‘रविवारी करू’ म्हणत दोन वर्षं ढकललं होतं. एसएसडी कितीही भारी घ्या, ती एकच प्रत असेल तर भारी नाही. आणि म्हणूनच मी म्हणतो, वेगाच्या आकड्यातून वाचवलेले पैसे दुसऱ्या ठिकाणी घाला. दुसऱ्या प्रतीत.

बहिणीच्या बाबतीत ते सोपं होतं. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क काढली आणि लॅमिंग्टन रोडवरूनच घेतलेल्या छोट्या यूएसबी केसिंगमध्ये बसवली. झाली बॅकअप डिस्क! अर्थात ती म्हातारी, एकटीवर भिस्त नको. म्हणून फोटो आणि कामाचे फोल्डर्स क्लाउडवरही टाकले. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी हार्ड डिस्कच बरी. एसएसडीला फार काळ वीज मिळाली नाही तर कप्प्यांतली साठवण हळूहळू ओसरते. घासून वापरलेल्या एसएसडीने तिशीच्या तापमानात विजेविना वर्षभर माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा जेडेक या संस्थेच्या मानकात आहे. लग्नाचा अल्बम एसएसडीत भरून लॉकरमध्ये ठेवणाऱ्यांनी हे ऐकलंत ना?

जायच्या आधी खिशात ठेवा

- मॉडेल नंबर, स्लॉटचा प्रकार, पट्टीची लांबी. ही चिठ्ठी नसेल तर दुकानात जाऊच नका.
- आधी बॅकअप, मग स्क्रू. उलट नाही!
- बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या.
- जुनं जसंच्या तसं हवं तर क्लोन करा. कचरा साचला असेल तर विंडोज नव्याने टाका. आधी ॲक्टिव्हेट झालेल्या लॅपटॉपचं लायसन्स सहसा मशीनशी जोडलेलं असतं, नेटला जोडल्यावर ते आपसूक ओळखलं जातं.
- नवी ड्राइव्ह काठोकाठ भरू नका, पाचवा हिस्सा मोकळा ठेवा.
- एसएसडीला हार्ड डिस्कसारखं डीफ्रॅग करायला बसू नका. तिला लागणारी साफसफाई विंडोज स्वतः करतं.
- रॅम ४ जीबीच असेल तर आधी तीही बघा. नुसत्या एसएसडीने सगळं भागणार नाही.

तर आमचं गणित असं जमलं. साठ हजारांचा हप्ता रद्द. ड्राइव्ह आणि केसिंग मिळून त्या हप्त्यातले दीडच गेले. संध्याकाळी विंडोज ११ टाकलं, मागचे दहा स्क्रू परत बसवले (नऊच बसले, एक अजून सोफ्याखाली आहे).

सोमवारी सकाळी सव्वानऊला तिचा फोन.

“दादा, अरे प्रॉब्लेम झाला!”

माझ्या काळजात धस्स. “आता काय?”

“बटण दाबलं आणि सवयीने टॉवेल घेऊन उठले. मागे वळून बघते तर सुरू! आता मीटिंगच्या आधी आंघोळ कधी करू?”

मी म्हटलं, पंधरा मिनिटं आहेत, पळ. आणि संध्याकाळी घरी गेलीस की ती जुनी डिस्क जोडून पहिला बॅकअप घे. रविवारी नाही. आजच.